भातकापणीनंतर ताटाचंही नियोजन करा

पनवेल तालुक्यातल्या बेलपाड्याभोवतालची बरीच भातखाचरं सिडकोच्या नवी मुंबई प्रकल्पात गेली. तालुक्यात ज्यांच्याकडे शेती उरली आहे, त्यांच्या घरी आता कापणी-झोडणीची घाई असेल. वर्षभर घरात काय शिजणार, हे याच दिवसांत ठरतं. कणगी भरली म्हणजे पोषण झालं असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) राज्यात 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. नुसत्या भाताने लोहाची उणीव भरून निघत नाही.

वाल लगेच पेरा
कापणी होताच खाचरात वाफसा असतानाच वाल पेरा. उशीर झाला की ओल उडते आणि उगवण विरळ होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे ‘कोकण वाल 1’ व ‘कोकण वाल 2’ हे वाण आहेत. एक किलो बियाण्याला 25 ग्रॅम रायझोबियम चोळून ते सावलीत सुकवा. फुलोऱ्यात शेंगा पोखरणारी अळी दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत साठवतात, म्हणून पुढच्या भातालाही फायदा होतो.

विकण्याआधी घरचा वाटा काढा
वालाला भाव चांगला मिळतो, त्यामुळे सगळा बाजारात जातो. तसं करू नका. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, वालात ते भरपूर मिळतं. भातासोबत वालाचं बिरडं खाल्लं की प्रथिनं पुरी होतात.

भात भरडताना
गिरणीत पॉलिश कमी करायला सांगा. कोंड्याबरोबर ‘ब1’ जीवनसत्त्व निघून जातं. कमी पॉलिशचा तांदूळ मात्र लवकर खवट होतो, म्हणून महिन्याभरापुरतंच भात भरडा. भात शिजवल्यावर पेज फेकू नका.

परसात आणि ताटात
शेत नसेल तर अंगणात शेवगा, अळू, माठ लावा. सांडपाणी आळ्यात सोडा. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आणि सुका जवळा आठवड्यातून दोन-तीनदा करा. पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा टाळा; लोह अंगी लागेल.

घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातही बिरडं आणि भाजी पुरेशी उरेल, इतकं शिजवा. लावणीपासून झोडणीपर्यंत तिचेच हात राबलेले असतात.