आयटिल: काल, आज आणि उद्या. छोट्या उद्योजकाने यातून नेमकं काय घ्यायचं?



आयटी सर्व्हिस मॅनेजमेंटचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, आमच्याकडे मोजून १२ कॉम्प्युटर. आम्हाला आयटिल वगैरेची गरज आहे का?" माझं उत्तर असं: अख्खं आयटिल नको, पण त्यातल्या तीन सवयी हव्यातच.

आधी एक प्रसंग सांगतो. माझ्या बॅचमधल्या एका कारखानदारांचा बिलिंगचा कॉम्प्युटर दर महिन्याच्या १० तारखेच्या आसपास अडायचा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ भरायचं असतं, त्यामुळे धावपळ व्हायची. कॉम्प्युटरवाला मुलगा यायचा, चार फाइली उडवायचा, रीस्टार्ट करायचा. काम सुरू! असे सात महिने गेले. आठव्या महिन्यात मुलगा गावी गेलेला होता आणि रिटर्नची तारीख चुकली. मोठ्या गिऱ्हाइकाला त्या महिन्यात इनपुट क्रेडिट दिसलं नाही, त्याने पेमेंट अडवून धरलं. नंतर पाहिलं तर कारण साधं होतं: बॅकअप त्याच डिस्कवर साठत होता आणि डिस्क भरत होती.

बंद पडलेलं काम पुन्हा सुरू करणं वेगळं आणि ते पुन्हा पुन्हा का बंद पडतं हे शोधणं वेगळं. पहिल्याला इन्सिडेंट मॅनेजमेंट म्हणतात, दुसऱ्याला प्रॉब्लेम मॅनेजमेंट. त्या मुलाने सात वेळा पहिलं काम नीट केलं. दुसरं काम कुणाचंच नव्हतं.

काल: हे आलं कुठून?

१९८० च्या दशकात ब्रिटनमधली सरकारी खाती कॉम्प्युटरवर भरपूर खर्च करत होती, पण प्रत्येकाची कामाची पद्धत वेगळी. तिथल्या सीसीटीए या सरकारी संस्थेने चांगल्या पद्धती गोळा करून १९८९ पासून पुस्तकं काढायला सुरुवात केली. एकूण ३० च्या वर पुस्तकं झाली, म्हणूनच नावात 'लायब्ररी' आहे. आयटिल म्हणजे इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इन्फ्रास्ट्रक्चर लायब्ररी.

हा पसारा कुणाला पेलणार? २००० च्या सुमारास दुसरी आवृत्ती आली आणि रोजचा सपोर्ट व सेवेचं नियोजन अशा दोन मुख्य पुस्तकांवर भर आला. २००७ ची तिसरी आवृत्ती पाच पुस्तकांची होती. त्यात सेवा आखण्यापासून ती सुधारत राहण्यापर्यंतचं पूर्ण चक्र मांडलं. दरम्यान २००५ मध्ये आयएसओ २०००० हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. इथे एक फरक लक्षात ठेवा: आयटिलचं सर्टिफिकेट माणसाला मिळतं, आयएसओ २०००० चं संस्थेला.

आज: कागद कमी, वेग जास्त

मोठ्या कंपन्यांत आयटिल रुजलं, पण एक दुखणंही आलं. छोटा बदल करायचा तरी फॉर्म भरा, समितीच्या मीटिंगची वाट बघा. २००९ नंतर डेव्हऑप्सची लाट आली आणि लोक विचारू लागले की या मंजुऱ्यांनी खरंच चुका कमी होतात का? २०१८ च्या 'ॲक्सिलरेट' या पुस्तकातल्या संशोधनात दिसलं की टीमबाहेरच्या मंजुरीने काम मंदावतं, पण बदल फसण्याचं प्रमाण काही कमी होत नाही.

२०१९ मध्ये आयटिल ४ आलं, त्यात हा सूर ऐकू येतो. 'प्रोसेस'च्या जागी ३४ 'प्रॅक्टिस' आल्या आणि सात मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातली दोन आपल्यासाठीच आहेत असं समजा: जिथे आहात तिथून सुरुवात करा, आणि सोपं व व्यवहार्य ठेवा.

म्हणून बदलावर लक्षच नको असं मात्र नाही. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकचं एक सदोष अपडेट गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन अडकली. आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. अपडेट आधी थोड्या मशीनवर सोडलं असतं, तर नुकसान तेवढ्यापुरतं राहिलं असतं. समितीपेक्षा ही टप्प्याटप्प्याची सवय जास्त कामाची.

उद्या: नोंद नसेल तर एआय काय करणार?

तक्रारींची वर्गवारी करणं, जुनी उत्तरं शोधून देणं ही कामं एआय करू लागलंय. पण ते शिकणार तुमच्या नोंदींवरून. नोंद फक्त कॉम्प्युटरवाल्याच्या डोक्यात असेल, तर कितीही महाग टूल घ्या, हाती काही लागणार नाही.

दुसरं कारण कायद्याचं आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, यादीतले सायबर हल्ल्याचे प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे असतात आणि सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. लघुउद्योगांना मिळालेली मुदतवाढ सप्टेंबर २०२२ मध्येच संपली. कुणाकडे काय आहे हेच माहीत नसेल, तर ६ तासांत कळवणार काय?

या आठवड्यात काय करायचं?

एक वही किंवा गूगल शीट घ्या. तीन भाग पाडा.

१. बिघाड: तारीख, काय अडलं, किती वेळ काम थांबलं, कुणी सुरू केलं. तोच बिघाड तिसऱ्यांदा आला की लाल खूण करा आणि कारण शोधायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा.

२. बदल: नवं सॉफ्टवेअर, अपडेट, पासवर्ड बदल. आधी बॅकअप घ्या, एका मशीनवर करून बघा, मग बाकीच्यांवर. फसलं तर मागे कसं यायचं हे आधीच लिहा.

३. काय कुठे आहे: मशीन, लायसन्स आणि त्यांच्या मुदती, व्हेंडरचा नंबर, बॅकअपची जागा. पासवर्ड इथे लिहू नका. ते पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, पण मालक धरून किमान दोघांना ते उघडता आलं पाहिजे.

रोजची पाच मिनिटं आणि महिन्यातून अर्धा तास टीमसोबत, एवढं पुरे. त्या कारखानदारांनी हेच केलं. पहिल्याच महिन्यात त्यांना दिसलं की निम्म्या तक्रारी एकाच जुन्या प्रिंटरच्या आहेत. प्रिंटर बदलला, तक्रारी थांबल्या.

सहा महिने वही नीट चालली की मगच टूलचा किंवा सर्टिफिकेटचा विचार करा. तोवर खर्च करू नका. पुढच्या व्हिडिओत हीच शीट आपण एकत्र बनवणार आहोत. तुमच्याकडे वारंवार येणारा एक बिघाड लिहून तयार ठेवा, त्याच्यापासूनच सुरुवात करू.