हेब्बाळच्या तळ्याकाठी एक दिवस

पुण्याला मुठा, नाशिकला गोदावरी, कोल्हापूरला पंचगंगा. शहर म्हटले की मराठी माणसाला आधी घाट आठवतो आणि घाटाबरोबर काठावरची भेळ, कणसे आणि चहाही आठवतो. बेंगळुरूला जाणारा प्रवासी मात्र नदी शोधू लागला, तर गोंधळतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका पठाराच्या कण्यावर हे शहर वसले आहे. येथे पडलेला पाऊस एका बाजूने अर्कावतीमार्गे कावेरीकडे जातो, तर दुसऱ्या बाजूने दक्षिण पिनाकिनीकडे. मोठी नदी अंगणातून वाहत नाही, म्हणून पूर्वजांनी उतारावर बांध घालून पाणी अडवले आणि तळ्याखाली तळे अशी माळ गुंफली. वरचे तळे भरले की सांडव्यावरून पाणी कालव्याने खालच्या तळ्यात उतरे. अशा कालव्याला कन्नडमध्ये ‘राजकालुवे’ म्हणतात. शहराच्या उत्तरेचे हेब्बाळ तळे या माळेतलाच एक मणी आहे. त्याचे पाणी नागवारा, कल्केरे अशा तळ्यांतून पुढे दक्षिण पिनाकिनीला मिळते. नदीचा काठ पाहायचा तर बेंगळुरूत तो असा तुकड्यातुकड्यांनी पाहावा लागतो.

सकाळी आधी पोटोबा. बेंगळुरूत उभ्याने खाण्याच्या स्वस्त उपाहारगृहांना ‘दर्शिनी’ म्हणतात. तेथे एका बशीत तिखट खाराबात आणि गोड केसरीबात शेजारी शेजारी येतात. या जोडीचे नाव चौचौबात. मराठी जिभेला दोन्ही परके नाहीत, एक आपला उपमा आणि दुसरा शिरा. फरक आहे तो दोन्ही एकाच वेळी खाण्याच्या धिटाईत. कॉफी एकच घेऊन दोघांत वाटायची असेल तर ‘बाय टू’ एवढेच म्हणायचे. त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

हेब्बाळ म्हणजे विमानतळाच्या वाटेवरचा उड्डाणपूल, एवढीच अनेकांची ओळख असते. हा पूल २००३ मध्ये खुला झाला. गाव मात्र फार जुने आहे. २०१८ मध्ये येथे खोदकाम करताना एक वीरगळ उजेडात आला. गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातील, इ. स. ७५० च्या सुमाराचा हा शिलालेख बेंगळुरूतील सर्वांत जुन्या कन्नड लेखांपैकी एक मानला जातो. ‘पेर्बोळल्’ या भागावर रट्टवाडीचे सैन्य चालून आले, तेव्हा कित्तय्या नावाचा वीर लढता लढता पडला, असे त्यात नोंदले आहे. रट्टवाडी म्हणजे राष्ट्रकूटांचा मुलूख, असा अर्थ लावला जातो. वेरूळचे कैलास लेणे कोरवणारे ते हेच राष्ट्रकूट आणि तेही याच शतकातले! महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याने या दगडासमोर जरा जपूनच उभे राहावे. ‘पेर्बोळल्’चे ‘हेब्बाळ’ कसे झाले, तेही मोठे गमतीचे आहे. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीच्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला. दुधाला ‘पाल्’ म्हणत, ते ‘हालु’ झाले. फुलाला ‘पू’ म्हणत, ते ‘हू’ झाले.

दुपारच्या जेवणाचा धागाही याच मातीशी जुळतो. १८९९ मध्ये म्हैसूरच्या राजमातेने हेब्बाळ येथे शेतीच्या प्रयोगांसाठी ३० एकर जमीन दिली आणि लेमान या जर्मन शास्त्रज्ञाने तेथे काम सुरू केले. पुढे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाची मुळे या शेतात आहेत. रागी, म्हणजे आपली नाचणी, हे येथील विशेष अभ्यासाचे पीक. पानात येतो तो रागी मुद्दे, म्हणजे उकडीसारखा शिजवून वळलेला गरम गोळा. सोबत पालेभाजीचे किंवा थंडीच्या दिवसांत पावट्याचे सारु. गोळ्याचा तुकडा सारात बुडवून गिळायचा असतो, चावायचा नसतो. नवखा माणूस चावत बसतो आणि शेजारच्याला हसू आवरत नाही.

ऊन उतरले की तळ्यावर जावे. पाण्यात वारकरी पक्ष्यांचे काळे थवे, कपाळावर पांढरा टिळा. टिबुकल्या बुडी मारतात, आणि झोळीवाले, म्हणजे पेलिकन, जड अंगाने पाण्यावर उतरतात. हा काठ सर्वांसाठी खुला राहील की नाही, असा प्रश्न एकदा उभा राहिला होता. हेब्बाळसह काही तळी विकासासाठी खासगी कंपन्यांकडे दीर्घ मुदतीने सोपवण्यात आली. तळ्यावर पोट असणाऱ्यांचे काय, शुल्क न परवडणाऱ्यांचे काय, असे विचारत २००८ मध्ये नागरिकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. तळी ही सार्वजनिक संपत्ती असून ती अशी सोपवता येणार नाहीत, अशी भूमिका न्यायालयाने २०१२ मध्ये घेतली.

शहर पिते ते पाणी मात्र तळ्याचे नव्हे. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, जवळजवळ ५०० मीटर वर चढवून येथे आणले जाते. वापरलेले पाणी याच खोऱ्यात उतरते. आता ते शुद्धीकरण केंद्रातून नळांद्वारे चिक्कबळ्ळापूर आणि बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्यांतील कोरड्या तळ्यांत सोडले जाते. दक्षिण पिनाकिनी ज्या नंदी डोंगराच्या परिसरात उगम पावते, तो भाग याच चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात आहे. म्हणजे नदीच्या उगमाकडच्या कोरड्या तळ्यांना आज शहराच्या सांडपाण्याचा आधार आहे. विहिरींना पाझर फुटला, हे खरे. पण शुद्धीकरणाची आणखी एक पायरी हवी, पिकांवर परिणाम होऊ देऊ नका, अशी तेथील शेतकऱ्यांची मागणी आहे. मागणी रास्तच म्हणावी लागेल, कारण त्या शिवारातील भाजीपाला शहराच्याच बाजारात येतो.

संध्याकाळी रस्त्याच्या कडेला चुरुमुरीवाला कागदाच्या पुडीत कुरमुरे, किसलेले गाजर, चिरलेला कांदा आणि कोथिंबीर कालवून देतो. पलीकडे पुलावर दिव्यांची रांग लागते आणि शेवटचा झोळीवाला पंख मिटून झाडावर बसतो.