ड्रॉइंग आधी मामांना दाखवा

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची लहानशी फाउंड्री आहे. ग्रे आयर्नचे जॉब ओततो, कोटेशन किलोच्या भावानं देतो. वजन चुकलं की सगळंच चुकलं. कोटेशनं लवकर जावीत म्हणून ऑफिसातल्या नव्या इंजिनिअरनं एका बेअरिंग हाऊसिंगचं ड्रॉइंग फुकटच्या एआय चॅटबॉटमध्ये टाकलं. मिनिटभरात वजन, भाव आणि वर सफाईदार इंग्रजी पत्रही तयार! आमच्या पॅटर्नमेकर मामांनी कागद बघितला आणि म्हणाले, "मालक, ह्यो जॉब स्टीलचा हाय व्हय?"

घनफळ ठीक निघालं होतं, पण घनता धरली होती पोलादाची, 7.85. ग्रे आयर्नची साधारण 7.2. अठरा किलोचा जॉब साडेएकोणीसच्या वर गेला होता. किलोमागे रुपया-दोन रुपयांवर ऑर्डर दुसरीकडे जाते तिथं नऊ टक्के जास्त सांगून कसं चालेल? ड्रॉइंगवर मटेरियल स्पष्ट लिहिलेलं होतं, एफजी 260.

मला धडकी भरली ती मात्र टायटल ब्लॉकखालची ओळ वाचून. ड्रॉइंग गिऱ्हाइकाच्या मालकीचं, परवानगीशिवाय कुणाला देऊ नये. अशा बऱ्याच फुकट सेवांत सेटिंग बदललं नाही, तर आपण टाकलेला मजकूर पुढचं मॉडेल शिकवायला वापरला जाऊ शकतो. कोटेशन आम्ही दुरुस्त करून पाठवलं, पण ते ड्रॉइंग परत कुठून आणणार?

तेव्हा गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग, चार्ज मिक्स, रेट तिथं टाकू नका. कॅडवरचं घनफळ कॅल्क्युलेटरवर गुणायला एआय लागतच नाही. रिजेक्शनचा 8डी रिपोर्ट इंग्रजीत नीट मांडायला मात्र खुशाल वापरा, गिऱ्हाइकाचं आणि पार्टचं नाव काढून. थकलेल्या बिलांची पत्रंही छान लिहून मिळतात. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानं आपल्यासारख्यांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. फक्त पत्रातला कलमाचा आकडा मूळ कायद्याशी ताडून बघा. भट्टीजवळच्या सूचना आम्ही ओडियात करून घेतल्या आणि फळ्यावर लावण्याआधी आमच्या ओडिया मोल्डरकडून वाचून घेतल्या. त्यानं बदल सुचवलेच.

हल्ली कॅमेऱ्यानं ब्लोहोल ओळखणारं सॉफ्टवेअर विकणारेही दारात येतात. त्यांच्या लॅपटॉपवरचे फोटो बघत बसू नका. आपल्याकडचा पास आणि रिजेक्ट माल मिसळून समोर ठेवा, कुठला कोणता ते सांगू नका, आणि मग किमतीचं बोला.