पाणी ढवळावं लागत नाही, मग पिठलं का?

अभिसरण शिकवताना आपण पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकतो. तळाचं पाणी तापतं, हलकं होऊन वर जातं, जांभळी रेघ मुलांना दिसते. धडा संपला! पण माझ्या वर्गातल्या एकीने विचारलं, "बाई, मग आई पिठलं का ढवळत बसते?" मी पटकन बोलून गेले, "ते जड असतं ना!"

साफ चूक. तेल पाण्यापेक्षा संथ ओघळतं, तरी पाण्यावर तरंगतंच की. दुसऱ्या दिवशी वर्गात तसं कबूल केलं.

खरं कारण श्यानता, म्हणजे वाहण्याला आतून होणारा विरोध. तिला घनतेने भागलं की शुद्धगतिक श्यानता मिळते. २० अंश सेल्सिअसला पाण्याची साधारण १ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद, आणि हवेची चक्क १५! (हवेची घनताच इतकी कमी.) बाकी सगळं सारखं असेल, तर ही जितकी जास्त तितकं आपोआप होणारं अभिसरण मंद. पिठल्यात तापलेला थर वर चढूच शकत नाही, तळाशी करपतो. कोंडलेली वाफ मात्र फुटून उडते. म्हणून घरी दाखवाल तेव्हा मुलांना पातेल्यावर वाकू देऊ नका.