दोरी तुटली की आधी टोक बघा

मासा सुटला की गळवाला दोरीला नावं ठेवतो. ‘हलकी निघाली’ म्हणतो आणि पुढच्या वेळी आणखी जाड दोरी आणतो. असं करण्याआधी परत आलेलं टोक उन्हात धरून बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं झालं असेल, तर दोरी तुटलेलीच नाही. गाठ सरकून सुटली आहे. ते पिंजल्यासारखं, केसाळ दिसलं तर खडकाने किंवा बुडालेल्या खोडाने घासलं. पहिल्यावर इलाज गाठीत आहे, दुसऱ्यावर नाही. ब्रेडेड दोरी वापरणाऱ्याने हा फरक आधी शिकावा.

आमचं तिसगाव मासेमारांचं गाव नव्हे. पाथर्डी तालुका अवर्षणाचा. पाझर तलावात उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकलं तरी खूप. म्हणून हौशी मंडळी शेवगावकडे जातात, जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाच्या फुगवट्यावर. तिथेच हा प्रकार झाला. नवी कोरी ब्रेडेड दोरी, दुकानातच गळ बांधून मिळालेला. दुपारी जड काहीतरी लागलं, बहुधा कटला. रॉड वाकला, रीळ करकरलं आणि एकदम सगळं ढिलं पडलं. बरोबरचे दोरीच्या कंपनीला बोलू लागले. टोक पाहिलं तर वेटोळं. दुकानात मारलेली गाठ होती क्लिंच, म्हणजे दोरीभोवती चार-पाच वेढे देऊन टोक खालच्या फटीत ओवायचं. आपल्याकडे बहुतेकांना हीच एक येते.

क्लिंच वाईट गाठ नाही. ती तंगुसासाठी आहे. तंगूस म्हणजे नायलॉनची एकसंध दोरी. ताण आला की ती थोडी दबते, वेढे एकमेकांत रुततात. ब्रेडेड दोरी पॉलिथिलीनच्या अतिशय मजबूत तंतूंची विणलेली असते, आणि तो तंतू मुळातच गुळगुळीत. डायनीमा, स्पेक्ट्रा ही त्याचीच व्यापारी नावं. वेढे रुतत नाहीत, हळूहळू सरकतात. शिवाय ही दोरी जवळपास ताणली जात नाही, त्यामुळे माशाचा प्रत्येक हिसका थेट गाठीवर येतो. वेष्टनावर किती किलो छापलंय याला मग फारसा अर्थ उरत नाही.

नेढं असलेला गळ असेल तर माझं मत सरळ आहे: पालोमार. दोरी दुहेरी करून नेढ्यातून ओवा. त्या दुहेरी पदराची साधी सैल गाठ मारा, गळ खाली लोंबू द्या. आता पुढे राहिलेला फास मोठा करून सगळा गळ त्यातून काढा. दोरी पाण्याने ओली करा आणि मूळ दोरी व टोक एकत्र धरून सावकाश ओढा. ओली करणं हे नुसतं शास्त्र म्हणून नाही. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते, आणि पॉलिथिलीन नायलॉनपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळतं. दुहेरी पदर एकमेकांवर चढले तर गाठ कापून पुन्हा मारा. टोक अर्धा सेंटिमीटर तरी ठेवा, अगदी मुळाशी कापू नका.

पालोमारमध्ये सगळा गळ फासातून जावा लागतो. लांबलचक कृत्रिम आमिष असेल किंवा तीन तोंडांचा गळ असेल, तर ते जमवताना जीव मेटाकुटीला येतो. तिथे युनी गाठ मारावी. तंगुसाला पाच वेढे पुरतात. ब्रेडेडला सात-आठ द्या, आणि नेढ्यातून दोरी दोनदा फिरवली तर अधिक चांगलं.

नेढं नसलेल्या, चपट्या शेपटीच्या गळाला मात्र वरची कुठलीच गाठ लागत नाही. त्याच्या दांड्याभोवती वेढे देऊनच बांधणी करावी लागते, आणि दोरी गळाच्या टोकाच्या बाजूने बाहेर यावी लागते. त्या चपट्या कडेवर ब्रेडेड दोरी चिरते. अशा गळाला तंगूसच बांधा.

गाठ झाली की ती तपासल्याशिवाय पाण्यात टाकू नका. गळ पक्कडीत धरा, दोरी काठीला गुंडाळून जोर लावा. हाताला गुंडाळू नका; ही बारीक दोरी मांसात शिरते, आणि गळ अचानक सुटला तर तो आपल्याच अंगावर येतो. रिळाचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवा.

आता केसाळ टोकाबद्दल. नाथसागर ज्या जमिनीवर उभा आहे तिथे जुन्या वस्त्या होत्या. चौथरे, बांधकामाचे दगड, बाभळी अजून पाण्याखाली आहेत. काळ्या दगडाच्या कडेवर ब्रेडेड दोरी तंगुसापेक्षा लवकर कापली जाते. अशा तळावर ती थेट गळाला बांधूच नये. शेवटचा हातभर भाग तंगुसाचा ठेवा, आणि तो ब्रेडेडपेक्षा कमी ताकदीचा. दोन दोऱ्यांची जोड युनीला युनी भिडवून करता येते. गळ अडकला की मग तेवढा तुकडाच जातो, पन्नास-शंभर फूट दोरी पाण्यात राहत नाही.

ती राहिली तर कुजत नाही. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात काठाच्या उथळ पाण्यात रोहित आणि बदकं चरतात, आणि पायात अडकलेली दोरी त्यांना सोडवता येत नाही. तेव्हा गळ टाकण्याआधी स्थानिक मच्छीमार संस्थेला आणि वनखात्याला विचारा, कुठे परवानगी आहे ते समजून घ्या, आणि कापलेली प्रत्येक दोरी, अगदी बोटभर टोकसुद्धा, पिशवीत घालून घरी आणा.