टीव्हीवर खेळ सुरळीत, रेकॉर्डिंगमध्ये मात्र झटके

प्रश्न : प्लेस्टेशन ४ वरचे फुटबॉलचे सामने मी कॅप्चर कार्ड लावून लॅपटॉपवर ओबीएसमध्ये रेकॉर्ड करतो. खेळताना टीव्हीवर काहीच अडत नाही, पण फाइल उघडली की चेंडू झटके खात पळतो. भारतात पाल पद्धत आहे म्हणून फ्रेमरेट ‘२५ पाल’ ठेवला आहे. कार्डच खराब निघालं का?
– एक विद्यार्थी, नवीन पनवेल

उत्तर : कार्डाला इतक्यात दोष देऊ नका. पहिला संशय तुम्ही निवडलेल्या त्या ‘२५ पाल’वरच आहे.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि जुनं टीव्ही प्रक्षेपणही सेकंदाला २५ चित्रांचं. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं तेही पाल पद्धतीनंच. पण ही गणितं ॲन्टेनाच्या जमान्यातली. प्लेस्टेशन ४ एचडीएमआयमधून सेकंदाला ६० फ्रेम पाठवतो. तो पनवेलमध्ये आहे की टोकियोत, यानं फरक पडत नाही. साठातून पंचवीस उचलायच्या म्हटलं तर त्या समान अंतरावर मिळतच नाहीत. कधी दोन फ्रेमनंतरची घेतली जाते, कधी तीन. चेंडू सारख्या वेगानं जात असला तरी चित्रात त्याची पावलं लहानमोठी पडतात, आणि डोळ्याला ते लगेच खुपतं. ५० ठेवलंत तर दर सहावी फ्रेम गळेल. म्हणून ६० ठेवा. लॅपटॉप दमत असेल तर ३०.

एवढ्यानं भागलं नाही तर कार्ड कोणत्या पोर्टात आहे ते पाहा. १०८०पी आकाराची एक फ्रेम म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. दर ठिपक्याला दोन बाइट धरले तर ६० फ्रेमना सेकंदाला जवळजवळ २०० कोटी बिट लागतात. यूएसबी २.० ची कमाल क्षमता आहे ४८ कोटी. त्यामुळे स्वस्त कार्डं चित्र दाबून पाठवतात किंवा फ्रेम निम्म्या करतात. खोक्यावर ‘फोर-के’ छापलेलं असलं तरी ते बहुधा कार्ड आत काय घेऊ शकतं त्याबद्दल असतं, लॅपटॉपला काय देतं त्याबद्दल नाही. कार्ड यूएसबी ३.० चं असेल तर ते थेट लॅपटॉपच्या ३.० पोर्टात लावा, हबमध्ये नको.

टीव्हीवर सगळं सुरळीत दिसतं, कारण कार्ड तो सिग्नल लॅपटॉपला न विचारता जसाच्या तसा पुढे सोडतं. तेव्हा टीव्हीची साक्ष इथे उपयोगाची नाही. खरी साक्ष ओबीएसच्या ‘स्टॅट्स’ खिडकीत मिळते. तिथे रेंडरिंगमुळे हुकलेल्या फ्रेम वाढत असतील तर ग्राफिक्स चिपवर ताण आहे. एन्कोडिंगमुळे सुटलेल्या वाढत असतील तर प्रोसेसर थकला आहे. एक्स२६४ सोडून चिपमधला एन्कोडर, म्हणजे क्विक सिंक किंवा एनव्हेंक, निवडा आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवा. सुरुवातीला सगळं ठीक आणि काही वेळानं झटके, असं होत असेल तर कारण उष्णता. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हे हमखास घडतं.

दोन्ही आकडे शून्य आणि तरी झटके आहेत? मग फ्रेम ओबीएसपर्यंत पोहोचतच नाहीत. फाइल व्हीएलसीमध्ये उघडा, थांबवा आणि ‘ई’ कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. ६० वर रेकॉर्ड करूनही प्रत्येक चित्र दोनदा येत असेल, तर कार्ड ३० च देत आहे. ओबीएसच्या कॅप्चर सोर्समध्ये रेझोल्यूशन ७२०पी आणि फ्रेमरेट ६० करून पाहा; फुटबॉलसाठी माझं मत या तडजोडीलाच आहे, कारण तिथे बारकाव्यापेक्षा गती महत्त्वाची.

हार्डडिस्कचा संशय मात्र सोडा. सेकंदाला २० मेगाबिटचं रेकॉर्डिंग म्हणजे जेमतेम अडीच मेगाबाइट. जुनी डिस्कही तेवढं सहज लिहिते.

नवं कार्ड घ्यायला हार्बर लोकल पकडून लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी एवढं करा. तरीही अडलं तर कार्डाचं मॉडेल आणि ‘स्टॅट्स’मधले आकडे लिहून पाठवा.