दत्तक वारस : साताऱ्याचा नामंजूर, सांगलीचा मंजूर



खालसा धोरण शिकवताना आपण साताऱ्याचं नाव घेतो आणि लगेच झाशी-नागपूरकडे वळतो. खरं तर ही मुळात वारसाहक्काची गोष्ट आहे. घरात भाऊबंदकी, आणि निकाल देणारे सातासमुद्रापार. सातारा-सांगलीच्या मुलांना तरी ती जरा थांबून सांगायला हवी.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहात इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य प्रतापसिंह महाराजांना व त्यांच्या वारसांना लिहून दिलं. इथे वर्गात विचारा, वारस म्हणजे कोण? धर्मशास्त्राप्रमाणे विधिपूर्वक घेतलेला दत्तक मुलगा पोटच्या मुलासारखाच. दत्तकाचं काय, हे मात्र तहात उघड लिहिलेलं नव्हतं. पुढचं सगळं भांडण या एका शब्दावर झालं.

१८३९ साली कटाचा आरोप ठेवून कंपनीने महाराजांना गादीवरून काढलं व काशीला पाठवलं. गादीवर बसवले धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब. दोघा भावांत आधीच बेबनाव होता. प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले, ते १८५३ पर्यंत तिथेच झगडत राहिले. विचार करा, तेव्हा जायचं म्हणजे महिनोन् महिने जहाजाचा प्रवास! १८५७ च्या उठावात त्यांच्या मुलाला, सीतारामला साताऱ्यात फाशी झाली, आणि रंगो बापूजी इंग्रजांना शेवटपर्यंत सापडले नाहीत.

ऑक्टोबर १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीत वारले, एप्रिल १८४८ मध्ये शहाजी साताऱ्यात. मुलगा दोघांनाही नव्हता. दोघांनीही दत्तक घेतला होता, शहाजींनी तर अगदी मृत्युशय्येवर. म्हणजे गादी एक, दत्तक दोन, आणि दोन्हीकडच्या राण्यांचे अर्ज वेगवेगळे.

भावाभावांत एकी असती तर राज्य वाचलं असतं, असं आपण वर्गात सांगून टाकतो. मला ते पटत नाही. फुटीमुळे कंपनीचं काम सोपं झालं एवढंच. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी तर दत्तक मानावा असंच मत दिलं होतं. पण डलहौसीचं म्हणणं असं, की दत्तकाला बापाची खाजगी मालमत्ता मिळेल. राज्य मात्र सार्वभौम सत्तेच्या परवानगीशिवाय मिळणार नाही. १८४९ च्या सुरुवातीला लंडनच्या संचालकांनी यावर शिक्कामोर्तब केलं. ज्याला राज्य हवं होतं तोच न्यायाधीश! अशा वेळी घरात एकी असून किती उपयोग झाला असता?

आता सांगलीकडे या. हे संस्थानही घरच्या वादातूनच जन्मलं. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचं चुलते गंगाधररावांशी पटेना, म्हणून मिरज सोडून ते सांगलीला आले. पुढे १९०१ साली धुंडिराव तात्यासाहेब वारले, मागे मुलगा नाही. १९०३ साली दत्तक घेतला गेला आणि तो मान्य झाला. दत्तकाचं शास्त्र तेच, मग निकाल वेगळा का? कारण मधे १८५७ घडलं होतं. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानंतर, १८६२ मध्ये, संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या गेल्या आणि पटवर्धनांकडे तशी सनद होती. हे दोन निकाल फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा, कारण मुलंच शोधतात.

पालकांसाठी थोडं आजचं. आपल्याकडची कितीतरी मुलं आता जर्मनी-नेदरलँड्समध्ये असतात. तिथे युरोपीय संघाचा २०१२ चा ६५० क्रमांकाचा नियम १७ ऑगस्ट २०१५ पासून लागू आहे (डेन्मार्क व आयर्लंड सोडून). माणूस मरताना जिथे कायम राहत होता तिथला कायदा त्याच्या वारसाला लागतो. ते नको असेल तर मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो. हा फरक लहान नाही बरं का. आपल्याकडे हिंदू वारसा कायद्याखाली स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कुणालाही देता येते, पोटच्या मुलाशी बोलणं बंद असेल तर त्याला वगळून सुद्धा. जर्मन कायद्यात वगळलेलं मूलही आपल्या कायदेशीर वाट्याच्या निम्म्या रकमेवर हक्क सांगू शकतं.

गावच्या जमिनीला मात्र आपलाच कायदा. मुलगी परदेशी नागरिक झाली म्हणून तिचा वारसाहक्क जात नाही. तेव्हा वारसनोंद करताना तलाठ्याकडे तिचंही नाव द्यायचं, भावाशी अबोला असला तरी. तिला हिस्सा नको असेल तर ती हक्कसोडपत्र करून देईल, पण ते तिने स्वतः करायचं असतं. घरच्यांनी परस्पर नाव गाळायचं नसतं.